मांडवातले बूट

जुई आणि ओम,

तुम्ही मराठी अजून ओळीवर बोट ठेवून वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवते. लिहायचं मात्र बरंच आहे.

जुईला तिकडे परदेशात गाण्यांच्या आणि नाटकांच्या कार्यक्रमांमागे राबणाऱ्या माणसांत नोकरी मिळाली. दिवे लावायचे, सामान हलवायचं, पडद्याआड उभं राहायचं. परवा तिनं मला फोटो पाठवला. काळा टॉप, बाहीला जाळी, कमरेला लोंबती नाडी. खाली विचारलं होतं, "आजी, काळे कपडे घालून ये म्हणालेत. हे चालेल ना?"

चालणार नाही. तसं लगेच कळवलं. पण फोन ठेवला आणि बसवेना. स्वयंपाकघरात गेले, परत आले. कपाटातून माझा काळा शर्ट काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. या पोरीला कोणी तरी काळे कपडे घाल म्हणून सांगतं आणि ती घालते. याच कपड्यांसाठी मला भरल्या मांडवात स्टेजवरून उतरायला सांगितलं होतं. हे तुम्हाला माहीत नाही. तुमचे बाबा सांगणार नाहीत, त्यांना अजून अवघडल्यासारखं होतं. म्हणून मी सांगते.

जळगाव. हायवेलगतचं मोठं लॉन. कोरोनानंतरची पहिली लग्नसराई. केळीच्या व्यापारातलं मोठं घर, त्यांच्या मुलीचं लग्न. संध्याकाळी संगीत, दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात लग्न. स्टेज आणि साउंड पुण्याच्या कंपनीचं. दिवे आमचे, धुळ्याहून आणलेले.

ऊन कलायला आलं होतं. मी स्टेजवर गुडघे टेकून केबलवर टेप चिकटवत होते. अंगात काळा सुती शर्ट, काळी पॅन्ट. पायात पुढून कडक असलेले बूट. केस घट्ट बांधलेले. हातात बांगडी नाही, गळ्यात काही नाही. कपाळावर काही नाही, कारण तुमचे आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

नवरीची आई ताट घेऊन आली. स्टेजची पूजा करायची होती. माझ्यापाशी थांबली. माझ्याशी बोलली नाही. पुण्याच्या मॅनेजरशी बोलली.

"ही कोण?"

"लाइटवाल्या मॅडम. धुळ्याच्या."

"शुभकार्यात काळं? आणि कपाळ बघितलंत का तिचं?"

"मॅम, क्रू सगळीकडे काळ्यातच असतो. अंधारात दिसू नये म्हणून."

"मला तर दिसतेय. उतरवा तिला. नाही तर आहेराच्या गाठोड्यातली एखादी साडी द्या. नेसू दे वरून."

मागे उभ्या असलेल्या बायकांतली एक म्हणाली, "अगं, मला वाटलं वॉचमन आहे." सगळ्या हसल्या. ताटातलं निरांजनही हसल्यासारखं हललं.

आहेराचं गाठोडं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. लग्नघरात साड्यांचे दोन ढीग असतात. एक आपल्या माणसांसाठी. त्यातली साडी उलगडून, पदर दाखवून देतात. दुसरा ढीग कोणासाठीही. भांडीवालीला, मेंदीवालीच्या मदतनीस मुलीला, दारात येईल तिला. त्यातली साडी कोणी उलगडत नाही. माझ्या हातात त्या ढिगातली साडी आली. गुलाबी, चकचकीत, काठाला टिकल्या. नायलॉनची.

मी ती नेसले.

हो. शर्ट-पॅन्टवरून नेसले. मॅनेजर हात जोडत होता. पाहुणे येऊन बसायला लागले होते. दिवे टांगून झाले होते. पण खरं कारण ते नाही. मला सवय होती. मी समोर असताना माझ्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचं आणि मी ऐकायचं, ही सवय मला घरातूनच लागली होती.

आपलं धुळ्याचं घर मंडपवाल्यांचं. तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, आबा, मंडप बघायचे. आजोबा लाउडस्पीकर आणि दिवे बघायचे. मी इंग्रजीत एम.ए. केलेली. एका शाळेत शिकवायची. आजोबा गेले आणि दिव्यांचं काम मी हातात घेतलं, कारण नवीन दिव्यांबरोबर येणारी पुस्तकं इंग्रजीत असायची आणि ती मीच वाचून दाखवायची. बाकीचं हळूहळू हाताला आलं.

आबा माझ्याशी थेट बोलत नसत. जेठानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, ही घरची रीत. ते जाऊबाईंना सांगायचे. मी हातभर अंतरावर उभी असायची, तरी जाऊबाईंना सांगायचे.

"त्यांना म्हणा, पदर डोक्यावर राहू द्या. चारचौघांत जायचंय."

जाऊबाई माझ्याकडे वळायच्या. "ऐकलंस ना?"

ऐकायची. साडीला पिना लावायची, पदर खोचायची आणि शिडी चढायची. निऱ्या पायात यायच्या. पुरुष खाली उभे असायचे, म्हणून एक हात शिडीला आणि एक हात साडीला. दिवा धरायला हात कुठून आणायचा? बाईचा अर्धा जीव कपडे सावरण्यात जातो. आमच्या कामात त्या अर्ध्या जीवाची गरज असते.

एकदा बोदवडला शाळेच्या स्नेहसंमेलनात जनरेटर अडखळत होता. मी वाकून बघायला गेले. खोचलेला पदर सुटला आणि मशीनच्या फिरत्या पट्ट्यात गेला. क्षणभर कोणी तरी मानेला धरून ओढल्यासारखं झालं. गुडघ्यावर आपटले. पदर फाटला म्हणून वाचले. जनरेटरवाला मशीन बंद करून म्हणाला, "वहिनी, बायकांनी इकडे येऊच नये." माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. कोणी म्हणालं नाही की साडी नेसून इकडे येऊ नये. सगळे म्हणाले, बाईनं येऊ नये.

त्याचाही मी विचार केला नाही. फाटका पदर कापून टाकला, कडेला शिवण मारली आणि पुढच्या कामाला गेले. विचार करायला लागले ते कमलमुळे.

कमल सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. पावसावर पिकणारं थोडंसं शेत, बाकी मजुरी. मंडपाचे बांबू उचलायला म्हणून आली आणि दिव्यांकडे वळली. केबल गुंडाळायला शिकवली तशी गुंडाळायची, आणि गुंडाळताना बोलायची. बोली अहिराणी, मला अक्का म्हणते. हसायला लागली की तोंडावर हात ठेवते.

आपल्याकडे एक पद्धत आहे. स्टेज उभं राहिलं की नारळ फोडायचा. नारळ फुटला की ती जागा देवाची. मग तिथे चप्पल घालून कोणी चढत नाही. पाहुणे चढतात, भाषण करणारे चढतात, त्यांना कोणी अडवत नाही. काम करणारे मात्र अनवाणी. लोखंड उचलणारे, खिळे ठोकणारे, वायरी ओढणारे अनवाणी. आम्हाला यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. चप्पल खाली काढून ठेवायची, स्टेजला हात लावून कपाळाला लावायचा आणि लोखंड उचलायचं.

सोनगीरजवळच्या एका गावात सप्ता होता. नारळ फुटलेला. दिव्याचा खांब सरकवताना तळाची जाड लोखंडी प्लेट सुटली आणि कमलच्या उजव्या पायावर पडली. ती ओरडली नाही. खाली बसली. पायाकडे बघून म्हणाली, "अक्का, मना अंगठा."

अंगठा वाचला नाही.

दवाखान्याच्या बाकावर आबा शेजारी बसले होते. जाऊबाई नव्हत्या, म्हणून ते भिंतीशी बोलल्यासारखे बोलले. "देवाचं काम होतं, थोडक्यात निभावलं. चप्पल असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही."

मी भिंतीकडे बघितलं. भिंत काही बोलली नाही. मी बोलले. पहिल्यांदा थेट.

"आबा, बूट असते तर अंगठा असता."

ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्याच दिवशी मी बाजारात गेले. काळं जाड सुती कापड घेतलं. सुतीच, कारण दिव्याचा चटका बसला तर सुती कापड जळतं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. टेलरकडे गेले. आमच्या ओळखीचा म्हातारा. त्यानं टेप गळ्यात टाकली.

"मुलाचं माप आणलंत का?"

"माझं घ्या."

त्यानं चष्मा पुसला. बायकोला हाक मारली. माप तिनं घेतलं, त्यानं दुसरीकडे तोंड करून लिहिलं.

"खिसे?" त्यानं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "बायकांना खिसे कशाला लागतात."

"टेस्टर ठेवायला. आणि खोल करा. वाकल्यावर पडता कामा नये."

"वहिनी, या वयात..."

"या वयात पडले तर हाड जुळत नाही. म्हणूनच."

तो हसला. त्याची बायको जास्त हसली. खिसे तिनंच शिवले, मला नंतर कळलं. एवढे खोल की हात कोपरापर्यंत जाईल.

कमलचे बूट घेताना वेळ लागला. रिकाम्या जागेत कापूस भरून ती दुकानात चालून बघत होती. "माले चावतस," म्हणाली. मग आरशासमोर उभी राहिली. "अक्का, आते मी पोलीस दिसस का?" पुढे तिच्या गावातही तेच झालं. बूट घालून एसटीतून उतरली की पोरं विचारायची, कमल पोलिसमा लागनी का? ती सांगायची, लागनी, तुमले धराले उनी.

घरी पॅन्ट बघून आबा जाऊबाईंना म्हणाले, "त्यांना सांगा, या घरातली बाई अशी बाहेर गेलेली नाही."

"आबा," मी म्हणाले, "जनरेटरला घर कळत नाही."

तर अशी मी. असे ते कपडे. आणि त्यांच्यावर आता गुलाबी नायलॉन.

पुन्हा त्या स्टेजवर या.

मी साडी नेसून विंगेत उभी होते. पायाशी ठिणग्या उडवणारी यंत्रं होती, नवरी येताना उडतात ती. त्यांना थंड फटाके म्हणतात. नावाएवढे थंड नसतात. माझ्या निऱ्या त्यांच्यापासून वीतभर लांब. मी निऱ्या मुठीत धरल्या. म्हणजे पुन्हा एक हात साडीला गेला. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं करून, पुन्हा एक हात साडीला. मला ते कळलं. तरी मी उभीच राहिले. स्वतःला सांगत होते, एक संध्याकाळ आहे, निघून जाईल.

नवरीची आई पूजा उरकून खाली उतरत होती. कमल समोरून येत होती. तिला आणि दुसऱ्या एकाला फुलांचा झोपाळा अंधारात स्टेजवर आणायचा होता. दोन लोखंडी पाय, आडवी दांडी, चांगला वजनदार. बाईनं कमलच्या पायांकडे बघितलं. स्टेजच्या कडेला मुहूर्तमेढ रोवलेली होती, हळद लावलेली.

"मांडवात बूट?" ती म्हणाली. "काही रीतभात आहे का तुम्हा लोकांना? काढ आधी."

कमलनं माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मी विसरू शकत नाही. तक्रार नव्हती त्यात. विनंतीही नव्हती. तिनं मला त्या साडीत बघितलं आणि तिला उत्तर मिळालं. ती खाली बसली आणि नाड्या सोडायला लागली.

माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या.

"कमल, थांब."

बाई वळली. पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"माझ्या मांडवात कोणी काय घालायचं ते मी ठरवणार," ती म्हणाली.

"मांडव तुमचा आहे," मी म्हणाले. "पाय तिचा आहे."

"एवढं लागतं का ते? साध्या बुटांचं?"

"लागतं. तिचा एक अंगठा असाच मांडवात गेलाय."

तिनं मॅनेजरकडे बघितलं. "हिला समजवा."

"मला समजवायचं असेल तर माझ्याशी बोला," मी म्हणाले. "मी इथे आहे."

ती थांबून राहिली. तिच्या घरच्या सगळ्या बायका थांबून राहिल्या. लोक आपोआप ऐकतात, ही तिची सवय होती. ऐकायची माझी होती. दोन्ही सवयी समोरासमोर उभ्या होत्या.

मी विंगेतून स्टेजच्या मधोमध आले. तिथे मोकळी जागा होती आणि नायलॉन ठिणग्यांपासून लांब होतं. दिवे चाचणीसाठी चालू होते, आमचेच. खुर्च्या भरत आल्या होत्या. मी खांद्यावरचा पदर उतरवला. निऱ्या सोडल्या. गोल फिरत साडी काढली.

कुणी तरी "अगंबाई" म्हणालं. खाली शर्ट होता, पॅन्ट होती. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी सगळे बघत होते.

साडी फेकावी असं फार वाटलं. फेकली नाही. ती कुणी तरी विणलेली होती. तिचा काही दोष नव्हता. पण साडीची घडी एकट्या बाईला नीट जमत नाही, तुम्ही कधी करून बघितलीत तर कळेल. मी एक टोक धरलं आणि बघत राहिले. कमल उठली. नाड्या बांधल्या. बूट वाजवत स्टेजवर आली आणि दुसरं टोक धरलं.

आम्ही दोघींनी घडी घातली. टोकाला टोक, काठाला काठ. मागे सरकायचं, ताणायचं, जवळ यायचं. तिचा एक पाय जरा लंगडतो, त्यामुळे बुटांचा आवाज सारखा येत नव्हता. पूजेचं ताट ठेवलं होतं त्या टेबलावर मी घडी ठेवली.

"तुमचा आहेर," मी म्हणाले. "आम्ही काम याच कपड्यांत करू. चालत नसेल तर दिवे उतरवतो."

"उतरव," नवरीची आई म्हणाली.

आता ती मॅनेजरकडे न बघता माझ्याशी बोलत होती.

आम्ही दिवे उतरवले. घाईनं नाही. जसे उतरवायचे असतात तसे. आधी वीज बंद, मग दिवा, मग पकड, मग केबल गोल गुंडाळून पेटीत. मॅनेजर माझ्यामागे फिरत होता. "मॅडम, प्लीज. मॅडम, ॲडजस्ट करा ना." मला त्याचं वाईट वाटलं. पण जन्मभर ज्याला आम्ही जुळवून घेणं म्हणत आलो, ते त्याच्या तोंडून ऐकताना मला एकदम फार लहान दिसलं. त्यात दरवेळी माझाच पदर होता आणि कमलचाच पाय होता.

संगीत झालं. लॉनच्या हॅलोजनच्या उजेडात झालं. आम्ही टेम्पोत बसेपर्यंत गाणी सुरू झाली होती. पेट्यांच्या मधे बसून कमल म्हणाली, "अक्का, त्या बाईनं तोंड दखं का? साडीना घडीकडे बघी राह्यनी, जशी काय साप शे." आणि तोंडावर हात न ठेवता हसली. मला हसू आलं नाही. धुळ्यापर्यंत मी पेट्याच मोजत राहिले.

तुम्हाला वाटेल, मग सगळं चांगलं झालं. झालं नाही. जळगाव-धुळ्याकडे लग्नाची बातमी लग्नाच्या आधी पोचते. मांडवात साडी सोडणारी बाई, असं माझं नाव झालं. ठरलेली लग्नं तुटली, म्हणजे आमच्या दिव्यांची कामं. आबांनी जाऊबाईंकरवी निरोप दिला की मंडप आणि दिवे आता वेगळे. घराण्याच्या नावाची पाटी त्यांनी नेली. तुमचे बाबा तिकडून फोनवर म्हणाले, "आई, साडी नेसून घेतली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी त्यांना कमलचा पाय सांगितला. पटलं असं म्हणाले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात रावेरहून एका घरचा फोन आला. तिथली बाई गोड बोलली. "दिवे तुमचेच हवेत हो अक्का. फक्त तेवढं काळं नको. आणि बूट खाली काढले तर बरं."

"मग दिवे दुसरीकडून घ्या," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ घरात फेऱ्या मारल्या. काम हवं होतं. काम नेहमीच हवं असतं. तरी परत फोन केला नाही. करणार नाही.

नारळ आम्ही अजूनही फोडतो. देवाशी आमचं भांडण नाही. नारळ फोडायचा, हात जोडायचे आणि बूट घालून चढायचं. आमच्या स्टेजवर जो लोखंड उचलेल त्याच्या पायात बूट असतील. बाई असो, पुरुष असो. मांडव कुणाचाही असो. हे मी आता कुणाला विचारत नाही.

जुई, आता तुझं उत्तर. जाळीची बाही नको, ती खिळ्यात अडकते. नाडी कापून टाक. शर्ट सुती घे, पूर्ण बाह्यांचा. काळा, पण चमकणारी बटणं नसलेला. उन्हात मांडामांड करायची असेल तेव्हा जुना फिकट शर्ट घाल आणि काळा संध्याकाळी बदल, आम्ही वैशाखात तसंच करतो. पॅन्टला खोल खिसे असू देत. कानातलं, गळ्यातलं घरी ठेव. केस बांध. बूट पुढून कडक घे, आणि घेताना दुकानात चालून बघ. आणि कोणी तुझ्यासमोर उभं राहून तुझ्याबद्दल दुसऱ्याशी बोललं, तर मधेच बोल. आवाज चढवायची गरज नाही. मी इथे आहे, एवढंच म्हण.

ओम, तू हसतोयस हे मला दिसतंय. तूही कधी तरी कुणाला तरी काही घालायला सांगशील. तेव्हा आधी त्याचे पाय बघ.

लिहिता लिहिता कितीदा उठले. उद्या एका कॉलेजचा कार्यक्रम आहे, पेट्या भरायच्या आहेत.

पाटी गेली. लग्नं गेली. आबा अजून भिंतीशीच बोलतात. दिवे आहेत. काळे शर्ट आहेत, कोपरं विटलेले. कमलच्या उजव्या पायाची चार बोटं शाबूत आहेत.